केळीच्या वाडीतून नेट

माझ्या व्याह्यांइतका भिंतींवर राग धरणारा माणूस उभ्या वसई तालुक्यात दुसरा सापडायचा नाही. भिंत घराची असो, शाळेची असो, नाहीतर एखाद्या नव्या सोसायटीच्या कंपाउंडची, तिच्याकडे ते असे बघतात, जणू तिनं त्यांच्या वाटेत मुद्दाम पाय घातला आहे. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले की आत शिरण्याआधी दारालगतच्या भिंतीवर उलट्या बोटांनी टकटक करायची, कान लावून ऐकायचं आणि "पोकळ आहे, चालेल," किंवा "भरीव आहे, अवघड आहे," असा निकाल देऊन मगच पाण्याचा पेला हातात घ्यायचा. माझ्या मेव्हण्याच्या गृहप्रवेशाला मी त्यांना बरोबर नेलं होतं. बाकीचे पाहुणे टाइल्सचं, खिडक्यांचं, बाल्कनीतून दिसणाऱ्या डोंगराचं कौतुक करत होते. व्याही हॉलमधल्या खांबावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले आणि गंभीर आवाजात मेव्हण्याला म्हणाले, "हा खांब तुमची बेडरूम खाणार." मेव्हण्यानं घाबरून दुसऱ्याच दिवशी वास्तुशास्त्रवाल्याला बोलावलं. व्याह्यांचं म्हणणं साधं होतं. राउटर हॉलमध्ये ठेवला तर खांबाच्या आडोशामुळे बेडरूममध्ये नेट पोचणार नाही, एवढंच. पण एवढं पुढचं वाक्य बोलायची त्यांना सवय नाही. आज्ञा द्यायची, तिचं कारण समोरच्यानं धावता धावता समजून घ्यायचं, ही त्यांची जन्माची रीत.

हे व्याही म्हणजे माझ्या मुलीचे, मुग्धाचे, सासरे. गास गावात त्यांची पिढीजात वाडी आहे. केळी, थोडा मोगरा, कडेनं नारळ आणि मागे खाडीच्या अंगाला भातशेती. ही वाडी सांभाळून त्यांनी आयुष्यभर एका शाळेत पीटी शिकवली. निवृत्त झाले तरी पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यातली शिट्टी या दोन गोष्टी काही अंगावरून उतरल्या नाहीत. मुलगी बघायला ते आमच्या चंदनसारच्या फ्लॅटवर आले, तेव्हा निघताना सगळ्यांचा मिळून एक फोटो काढायचा ठरला. व्याह्यांनी दोन्हीकडच्या मंडळींना उंचीप्रमाणे उभं केलं. माझ्या बायकोला "एक पाऊल मागे" सांगितलं. माझी थोरली बहीण कमरेवर हात ठेवून उभी होती. तिनं आमच्या घराण्यात आजवर कुणाचं ऐकलेलं नाही. तिला ते चक्क "विश्राम" म्हणाले, आणि बहीण विश्राममध्ये उभी राहिली! स्थळ माझ्या दृष्टीनं त्याच क्षणी पक्कं झालं. बहिणीला गप्प करणारा माणूस नात्यात यावा अशी माझी फार जुनी इच्छा होती.

त्यांचं घर वाडीच्या पार टोकाला आहे. रस्त्यावरून आत वळलं की आधी पिठाची गिरणी लागते, मग एक नवी चार मजली इमारत, तिला लागून बावखल, म्हणजे वाड्यांना पाणी पुरवणारं जुनं तळं, आणि त्याच्या पलीकडे केळीच्या दाटीतून चालत गेलं की एकदम समोर येतं व्याह्यांचं कौलारू घर. दगडी, हातभर जाड भिंतींचं. भर उन्हाळ्यात ओटीवर बसलं तरी अंगावर गारवा येतो. वडिलांनी बांधलेलं म्हणून व्याह्यांना त्या घराचा फार अभिमान. "तोफेचा गोळा आत येणार नाही," असं ते पूर्वी आल्यागेल्याला सांगायचे. तोफेचा गोळा काही आला नाही, पण नेटही आलं नाही. ती चार मजली इमारत उभी राहिली आणि रस्त्याकडून जी काही थोडीफार मोबाइलची रेंज यायची ती तिथंच अडली. सगळ्या आवारात एकच जागा उरली, विहिरीजवळचा कपडे धुण्याचा धोंडा. कुणाला फोन करायचा असेल तर त्या धोंड्यावर चढून, एक हात उंच करून, बगळ्यासारखं उभं राहावं लागे.

मुग्धा अंधेरीच्या एका विमा कंपनीत कामाला. आठवड्यातून काही दिवस ऑफिसात जायचं, बाकीचे दिवस घरून काम. लग्नानंतर हे घरून काम त्या धोंड्यावरून सुरू झालं. धोंड्यावर उशी, उशीवर मुग्धा, मांडीवर लॅपटॉप आणि डोक्यावर निखिलनं, म्हणजे आमच्या जावयानं, बांबूला बांधून दिलेली छत्री. आपण गंभीर चेहऱ्यानं दाव्याची कागदपत्रं तपासावीत आणि पलीकडे विहीणबाईंच्या बदकांनी एकदम सामूहिक चर्चा सुरू करावी, असं रोजचं चाललेलं. एका मीटिंगमध्ये साहेबांनी तिला विचारलं, "मुग्धा, तू रिसॉर्टवर आहेस का?" सगळे हसले, मुग्धाही हसली. नंतर मात्र साहेबांनी तिला वेगळा फोन करून सांगितलं की आवाज तुटतो, फाइल वेळेवर चढत नाही, असं फार दिवस चालणार नाही. त्या वेळी ती हसली नाही.

मग एकदा जेवताना निखिलनं विषय काढला. "बाबा, माणिकपूरला एक फ्लॅट भाड्यानं मिळतोय. आठवडाभर तिकडे राहू, शनिवार-रविवार इकडे येऊ." विहीणबाईंचा वाढता हात थांबला.  व्याह्यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली, ती मोडली आणि तशीच ताटात ठेवून उठले. हे सगळं मुग्धानं मला फोनवर सांगितलं तेव्हा ती धोंड्यावर उभी होती. ती मधेच रडत होती, की रेंज जात होती, मला नीटसं कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात व्याही. पांढरे बूट, शिट्टी, आणि न सांगता आलेले असूनही वेळेवर आल्याचा भाव.

"व्याही, तुमच्याकडे नेट कसं येतं?"

"येतं म्हणजे, येतं," मी म्हणालो. "कंपनीचा माणूस एक वायर जोडून गेलाय."

"कुठंय ती वायर?"

मी शोकेसकडे बोट दाखवलं. राउटर दिसायला बरा दिसत नाही म्हणून माझ्या बायकोनं तो स्टीलच्या ताटांच्या मागे लपवला होता. व्याह्यांनी ताटं बाजूला केली आणि हळहळले. "वहिनी, बोलणाऱ्या माणसाच्या तोंडासमोर ताट धरल्यावर तो बिचारा बोलणार काय?" त्यांनी राउटर काढून कपाटाच्या माथ्यावर ठेवला, आणि ज्या आमच्या झोपायच्या खोलीत नेट ही शेजाऱ्यांकडे असणारी वस्तू मानली जायची, तिथं ते खळखळून वाहायला लागलं. त्या दिवसापासून माझ्या बायकोचा त्यांच्यावर जो विश्वास बसला, तो माझ्यावर अजून बसायचा आहे.

नेटच्या कंपनीचा माणूस गासला येऊन वाडी बघून गेला. गिरणीपर्यंत वायर आणतो, म्हणाला. त्यापुढे नाही. इमारतीवाले कंपाउंडमधून वायर नेऊ देत नव्हते, आणि दुसऱ्या अंगाला बावखल. गिरणीवाला व्याह्यांचा विद्यार्थी. "सर, माझ्या माळ्यावर लावा की," तो म्हणाला. लहानपणी गोळाफेकीत गोळा स्वतःच्याच पायावर टाकून घेतल्यावर त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं होतं. माळ्यावर राउटर बसला. आता तिथून इमारतीला वळसा घालून, केळीतून वाट काढत नेट घरापर्यंत न्यायचं होतं. त्यासाठी मिळतात रिपीटरच्या डब्या. आलेलं नेट झेलायचं आणि पुढे फेकायचं, एवढंच त्यांचं काम. व्याह्यांनी पहिली डबी आणली आणि थेट आपल्या ओटीवर लावली. तिचे सगळे दिवे हिरवेगार लागले, नेट मात्र टिपूसभरसुद्धा नाही. व्याही तिच्याकडे रोखून बघत राहिले. "आमचे एक हेडमास्तर होते," ते म्हणाले, "अगदी असेच होते."

पुढच्या रविवारी त्यांनी मला बोलावलं ते जेवायला असं वाटून मी गेलो. गेल्या गेल्या त्यांनी मला केळीच्या मधोमध उभं केलं. हातात मोबाइल दिला. माझ्यापुढे निखिल, त्याच्यापुढे पदर खोचलेल्या विहीणबाई, आणि गिरणीच्या तोंडाशी गिरणीवाला. व्याह्यांनी एक शिट्टी वाजवली की सगळ्यांनी चार पावलं पुढे सरकायचं, दोन वाजवल्या की मोबाइलवर रेंजच्या किती दांड्या दिसतात ते ओरडून सांगायचं. माझ्या कानात मुंग्या शिरत होत्या, विहीणबाई मधेच "कुकरला तीन झाल्या का?" असं विचारत होत्या, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या दोघांनी गावात कसली तरी सरकारी मोजणी आली असं समजून गिरणीवाल्याला नाव नोंदवायला विचारलं. अशा त्या गोंधळात व्याही एकाएकी थांबले. शिट्टी तोंडातून गळून पडली.

"अरे, मी मूर्ख आहे," ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकणारे आम्ही पहिलेच असू. "रिलेमध्ये बॅटन घेणारा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभा करतात का? देणाऱ्याचा हात जिथवर पोचतो तिथं उभा करतात. जिथं नेट मेलेलं आहे तिथं डबी लावून काय उपयोग? ते जिथं अजून दमदार आहे तिथं झेलायला पाहिजे."

हे खरं होतं. पण मग त्यांनी एकामागून एक डब्या लावायला घेतल्या. एक नारळाला, एक पंपाच्या खोलीवर, एक पेरूच्या झाडाला आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घालून. पेरूवरची डबी कावळ्यांना इतकी आवडली की त्यांनी तिच्या वायरीचा घरट्यासाठी उपयोग केला. शेवटी घरात नेट आलं, पण प्रत्येक डबी झेलताना आणि फेकताना त्यातलं निम्मं बळ खाऊन टाकायची. शेवटच्या डबीतून बाहेर पडेपर्यंत ते बिचारं म्हातारं झालेलं असायचं. मुग्धा सकाळी फाइल पाठवायला लावायची आणि दुपारच्या जेवणानंतर तिची चौकशी करायची. त्यात पावसाळा आला. केळीची पानं पाण्यानं निथळायला लागली आणि उरलंसुरलंही बुडालं. "पान म्हणजे उभं पाणी," व्याही म्हणाले. आपण स्वतः लावलेल्या, स्वतः वाढवलेल्या बागेकडे ते पहिल्यांदाच जरा परकेपणानं बघत होते. निखिल मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबांना समजवा ना. माणिकपूरवाला फ्लॅट आता फार दिवस थांबणार नाही." मी समजवायला गेलो. व्याही ओटीवर बसून वाडीचा नकाशा काढत होते. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी एका जागी बोट ठेवलं.

"एकच डबी पुरेल. इथं. इथून गिरणी दिसते आणि आपलं घरही दिसतं. मधे काही नाही, नुसतं बावखलाचं मोकळं पाणी."

"मग लावा की."

"ती आग्नेस मावशीची गच्ची आहे," ते म्हणाले आणि नकाशाची घडी घातली.

आग्नेस मावशी म्हणजे बावखलाच्या काठावर एकटी राहणारी म्हातारी. सगळं गाव तिला मावशी म्हणतं. व्याह्यांशी ती बरीच वर्षं बोलत नव्हती, आणि त्याचं कारण विहीणबाईंनी मला नंतर चुलीपाशी बसून हळूच सांगितलं. मावशीची एकुलती एक मुलगी, लवीना, व्याह्यांच्या शाळेत होती. तिच्यासारखी धावणारी पोर त्यांना पुन्हा मिळाली नाही. पहाटे स्वतः उठवून ते तिला भाताच्या बांधावरून पळवायचे. मावशीचा जीव राजी नव्हता, तरी घरी चार-चार खेपा घालून त्यांनी तिला खेळाडूंच्या वसतिगृहात पाठवलं. लवीना धावली, पदकं मिळवली, त्याच्या जोरावर रेल्वेत नोकरी लागली, लांब तिकडेच लग्न झालं. ती वर्षा-दोन वर्षांनी येते, चार दिवस राहते. नवरा गेल्यावर मावशी त्या घरात एकटी उरली. तेव्हापासून व्याही बावखलाच्या त्या काठानं जायचं टाळत. घरी यायला ते लांबच्या वाटेनं यायचे.

शेवटी एका संध्याकाळी ते तिच्याकडे गेले. एकट्यानं जायचा धीर नव्हता म्हणून मला बरोबर घेतलं. मावशी ओट्यावर तांदूळ निवडत होती. व्याह्यांनी सगळं समजावून सांगितलं. इमारत, गिरणी, केळी, डबी. एरवी तीन शब्दांत आज्ञा देणारा माणूस, पण त्या दिवशी इतकं बोलला की मलाच संकोच वाटायला लागला. मावशीनं मान वर केली नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली,

"माझ्या पोरीला पलायला तू शिकवलंस, मास्तर. ती पलाली ती पलालीच. आनि आता तुझी सून जाते म्हंटल्यावर डबे घेऊन गावभर फिरतोस?"

  बावखलाच्या पाण्यात एक मासा उसळला, त्याचा आवाजसुद्धा मोठा वाटला.

"ती धावायची म्हणून शिकवलं, मावशी," व्याही म्हणाले. "ते चुकलं असं मी म्हणणार नाही. पण तिच्या मागे तू एकटी राहशील, हे तेव्हा माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मला फक्त तिचं घड्याळातलं टायमिंग दिसायचं."

मावशीनं सुपातला एक खडा काढून लांब फेकला. आणखी एक काढला. मग म्हणाली, "ती पोरगी उन्हात धोंड्यावर बसते. मी रोज बगते खिडकीतनं. भर दुपारी बसते, पावसात छत्री घेऊन बसते. तिनं काय गुन्हा केलाय? लाव तुझा डबा. तुझ्यासाठी नाय, तिच्यासाठी." आम्ही उठलो तशी मागून आवाज आला, "आनि वर चडशील तेव्हा ती शिट्टी नको गल्यात. मला तिचा आवाज नाय खपत."

दुसऱ्या दिवशी शिट्टी घरी खुंटीला टांगून व्याही मावशीच्या गच्चीवर चढले. बाकीच्या सगळ्या डब्या उतरवून टाकल्या होत्या, एकच ठेवली होती. एका पाइपाला ती बांधली, पावसासाठी वर झाकण घातलं, एक तोंड गिरणीकडे, एक घराच्या आतल्या खोलीच्या खिडकीकडे. मी शिडी धरून खाली. घरात आतल्या खोलीत मुग्धा लॅपटॉप उघडून बसली होती. डबी सुरू झाली. आता नेट आलं की नाही हे कळणार कसं? शिट्टी नाही, आणि फोन करावा तर घरी रेंज नाही. व्याही गच्चीच्या कडेला उभे राहून पाण्यापलीकडे नुसते बघत होते. इतक्यात समोरच्या काठावर विहीणबाई पळत आल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या बाईंचा आवाज कधी ओटीच्या बाहेर गेलेला कुणी ऐकला नव्हता. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि सगळं बावखल दणाणून सोडलं, "आलंऽऽ वो! आलंऽऽ! चित्र हालतंय!"

व्याही मटकन गच्चीवर बसले. खालून मावशी म्हणाली, "काय झालं? पडला काय?"

"नाही," मी म्हणालो, "नेट आलं."

"मग बसतो कशाला? चा झालाय, उतर म्हनावं खाली."

माणिकपूरचा फ्लॅट दुसऱ्या कुणीतरी घेतला. मुग्धा आतल्या खोलीत, त्या हातभर जाड भिंतींच्या गारव्यात बसून काम करायला लागली आणि बदकांची चर्चा साहेबांपर्यंत पोचायची थांबली. व्याह्यांना मात्र नवा उद्योग मिळाला. मावशीच्या गच्चीपासून घरापर्यंतच्या वाटेत केळीचं एखादं पान वाढून आडवं आलं की कोयती घेऊन छाटायचं, झाकणावर बसलेला कावळा हाकलायचा, वारा सुटला की पाइप हलला का ते बघायला रोज संध्याकाळी गच्चीवर चढायचं. मावशीलाही त्यांनी नेटचा पासवर्ड दिला. तो लक्षात राहावा म्हणून तिच्याच मुलीचं नाव ठेवलं. मावशीच्या चहात साखर तेव्हापासून जरा जास्त पडायला लागली, असं व्याह्यांचं निरीक्षण आहे.

असं सव्वा-दीड वर्ष गेलं असेल. एके दिवशी मुग्धाचा फोन आला, आतल्या खोलीतून, अगदी स्वच्छ आवाजात. "बाबा, तुम्ही रविवारी याल का? मला पदोन्नती मिळालीय. पण बंगळूरला जावं लागेल. निखिललाही तिकडे बदली मिळतेय. इथल्या आई-बाबांना कसं सांगू कळत नाही." मी आणि माझी बायको गेलो. जेवणं झाली, सुपारी कातरून झाली, तरी कुणी तोंड उघडेना. शेवटी मुग्धानंच सांगितलं. व्याह्यांनी विचारलं,

"तिकडे ऑफिसात बसायचं?"

"हो. आता माझ्या हाताखाली माणसं असतील. रोज जावं लागेल."

"नेट बरं आहे ना तिकडे?"

आम्ही सगळे हसलो. ते हसले नाहीत. त्यांना खरंच ते जाणून घ्यायचं होतं. मग विहीणबाई डोळे पुसत कौतुकानं म्हणाल्या, "तुम्ही नेट आनलंत म्हनून पोर एवढी पुढे गेली." त्या चांगल्या मनानंच बोलल्या. व्याही उठले, हात धुवायला विहिरीकडे गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. आले ते थेट मुग्धापुढे उभे राहिले. "जायचं," म्हणाले. "मागे बघायचं नाही. मागे बघितलं की वेग कमी होतो." तेवढंच. निघायच्या दिवशी सगळ्यात जड बॅग त्यांनीच उचलली आणि कुणालाही हात लावू दिला नाही.

मुलं गेली त्यानंतर थोड्या दिवसांनी मी एकटाच गासला गेलो. व्याही खांद्यावर शिडी घेऊन निघालेच होते. "बरं झालं आलात. मावशीच्या गच्चीवरची डबी काढून आणू. आता तिचं काम नाही." मी शिडीचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही बावखलाच्या काठानं निघालो. मावशी ओट्यावर मोगऱ्याच्या कळ्या निवडत बसली होती.

"मावशी, डबी काढायला आलो."

"कशाला?"

"पोरं गेली. उगाच तुझ्या गच्चीला ओझं."

"गच्ची मला काय बोलली नाय."

"तसं नाही मावशी, पण—"

"पन काय?" मावशीनं कळ्या खाली ठेवल्या. "डबी काढून नेलीस म्हंजे उद्यापासून वर चडायला येशील कशाला? सकालपासनं कोन येतं इथं? पोस्टमन पन नाय येत."

व्याह्यांच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. तो त्यांनी खिशात घातला. शिडी भिंतीला टेकवली आणि ते पायरीवर बसले. मावशी आत जाऊन चहा घेऊन आली. आम्ही तिघं तो प्यायलो. ऊन उतरलं होतं, समोरच्या काठावरच्या केळी पाण्यात उलट्या दिसत होत्या. मग व्याह्यांनी, कपाकडे बघत, विचारलं,

"लवीना आता कुठे असते गं?"

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. लवीना शाळा सोडून गेल्यापासून त्यांनी हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता, हे मला तिच्या बघण्यावरून कळलं.

"बिलासपूरला," ती म्हणाली. "मोठी मॅडम झालीय रेल्वेत. अजून सकाली पलते. आता तिची पोरगी पन पलते."

"कशी पळते?"

"मला काय कलतं त्यातलं? थांब, धाडलंय तिनं परवा." मावशी उठली, आतून मोबाइल घेऊन आली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. व्याह्यांनी चष्मा लावला, मोबाइल आधी लांब धरला, मग जवळ आणला. कुठल्या तरी मैदानातला गलका, टाळ्या ऐकू आल्या. दोघांची डोकी त्या छोट्या पडद्यावर वाकली होती.

मी कप हलकेच ओट्यावर ठेवला आणि निघालो. मला रस्त्यापर्यंत सोडायला कुणी आलं नाही, मला त्याचं काही वाटलंही नाही. गिरणीच्या वळणाला आलो तोवर मागून व्याह्यांचा आवाज ऐकू येत होता.

"पुन्हा लाव, मावशी. अगदी सुरुवातीपासून. पहिलं पाऊल कसं टाकते ते नीट बघू दे."